वाटण्या होऊ द्या, शेताच्या चिंध्या नकोत



घरातल्या जुन्या ट्रंकेत आजोबांच्या वेळचा सातबारा असेल तर तो बाहेर काढा आणि त्याच्या शेजारी आपला आजचा सातबारा ठेवा. आजोबांच्या उताऱ्यावर कब्जेदार म्हणून एकच नाव असेल, फार तर दोन. आजच्या उताऱ्यावर आठ, दहा, कुठे कुठे वीस नावे दिसतील. नावे वाढत गेली आणि क्षेत्राचा आकडा उतरत गेला. पूर्वी जे शेत एकरांनी सांगत, ते आता गुंठ्यांनी सांगावे लागते.

बी-बियाणे, खते, कीडरोग यांच्याविषयी तुम्ही नेहमी वाचता. पण चांगले बी पेरायचे तरी कुठे? त्यासाठी पायाखाली शेत हवे, आणि ते कसण्याजोग्या आकाराचे हवे. म्हणून आज शेताच्या आकाराविषयी आणि घरातल्या वाटणीविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. हा विषय नाजूक आहे. भावाभावांत तो काढायला संकोच वाटतो, म्हणून तो लांबणीवर पडतो आणि शेवटी भांडणातूनच निघतो.

आकडे काय सांगतात?

सरकार दर पाच वर्षांनी कृषिगणना करते. १९७०-७१ च्या गणनेत महाराष्ट्रात सुमारे ४९॥ लाख खातेदार होते आणि त्यांच्याकडे सुमारे २१२ लाख हेक्टर जमीन होती. म्हणजे सरासरी एका खात्याला ४.२८ हेक्टर, साडेदहा एकरांहून थोडी अधिक. २०१५-१६ च्या गणनेत खाती झाली सुमारे १५३ लाख, आणि जमीन उरली सुमारे २०५ लाख हेक्टर. सरासरी आली १.३४ हेक्टरवर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. पंचेचाळीस वर्षांत खाती तिप्पट झाली आणि जमीन मात्र सात लाख हेक्टरने कमी झाली. देशभर हेच झाले. भारताची सरासरी याच काळात २.२८ हेक्टरवरून १.०८ हेक्टरवर आली.

सरासरीने सगळे चित्र कळत नाही. २०१५-१६ मध्ये आपल्या राज्यातल्या शंभरातल्या जवळजवळ ऐंशी खातेदारांकडे दोन हेक्टर किंवा त्याहून कमी जमीन होती, आणि या ऐंशी जणांकडे मिळून एकूण जमिनीच्या ४५ टक्केच जमीन होती. उरलेली ५५ टक्के वीस जणांकडे. वाटण्यांनी जमीन सगळ्यांत सारखी पसरली, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. या खात्यांतली काही फोड कागदावरची आहे. कमाल जमीन धारणेचा कायदा १९६१ साली झाला आणि १९७५ मध्ये त्याची मर्यादा आणखी खाली आणली गेली. बारमाही बागायत असेल तर एका कुटुंबाला १८ एकर, कोरडवाहू असेल तर ५४ एकर. त्या सुमारास अनेक मोठ्या घरांनी मुला-पुतण्यांच्या नावे खाती फोडली. पुढे निरनिराळ्या योजनांचे अनुदान खात्यावर मिळू लागले, तेव्हा लहान घरांनीही खाती फोडली. काही घरांत खाती चार असतात, पण शेत एकत्रच कसले जाते. त्यात वाईट काही नाही. खाते फोडणे आणि शेत फोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच आज सांगायचे आहे.

दुखणे जुनेच

जमिनीचे तुकडे हे अलीकडचे दुखणे आहे असे पुष्कळांना वाटते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा घरोघर आणि शेतोशेत फिरून अभ्यास केला आणि तो १९१७ साली प्रसिद्ध केला. जुनी दप्तरे तपासून त्यांनी काढलेला हिशेब असा : १७७१ साली त्या गावात सरासरी एका खात्याला सुमारे ४० एकर जमीन होती. १८१८ साली, पेशवाई गेली तेव्हा, ती साडेसतरा एकर झाली होती. १९१४-१५ मध्ये ती उरली होती ७ एकर.

मान साहेबांना जास्त चिंता वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. गावात १५६ खातेदार होते आणि त्यांच्या जमिनीचे तुकडे होते सातशेहून अधिक. त्यांतले ४६३ तुकडे एक एकराहून लहान होते आणि ११२ तर पाव एकराहूनही लहान. म्हणजे माणसाकडे जमीन थोडी, आणि जी होती तीही चार-पाच ठिकाणी विखुरलेली. आज ते गाव पिंपरी-चिंचवड शहरात गेले आहे. तिथे आता उंच इमारती उभ्या आहेत आणि जागा चौरस फुटांनी विकली जाते. पण शंभर वर्षांपूर्वी त्या गावाने दाखवलेले दुखणे आपल्या गावी अजून आहे.

दोष मुलींना देऊ नका

जमिनीचे तुकडे का होतात, असे चावडीवर विचारले तर हल्ली एक उत्तर हमखास मिळते : ‘मुलींना वाटा मिळायला लागला तेव्हापासून.’ हे उत्तर तपासून पाहू.

वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ साली मिळाला आणि साऱ्या देशात २००५ साली. आता गणनेचा आकडा पाहा. १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर असलेली सरासरी १९९०-९१ मध्येच २.२१ हेक्टरवर आली होती. मुलींचा कायदा येण्याआधीच शेत निम्मे झाले होते. ते मुलग्यांच्या वाटण्यांनी झाले, कुटुंबे वाढल्याने झाले आणि शेतीबाहेर पुरेसे काम न मिळाल्याने झाले. तेव्हा बहिणीच्या नावाने बोटे मोडू नका.

आणखी एक सांगतो. बहिणीला माहेरी बोलावून, साडीचोळी करून, वाचू न देता हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, ही रीत बरी नव्हे. तिला सोडायचा असेल तर तो तिचा राजीखुशीचा निर्णय असू द्या. नाही तर तिच्या वाट्याचा मोबदला ठरवा, किंवा तिचे नाव ठेवून जमीन तुम्ही कसा आणि तिचा हिस्सा दर सालाला तिच्या घरी पोचता करा. नाव राहिले म्हणजे शेतात बांध घालावाच लागतो असे नाही.

लहान शेत वाईट नसते

‘दोन एकरांत काय होणार?’ असे म्हणून काही जण हात टेकतात. १९५० नंतरच्या दशकात आपल्या देशात अनेक ठिकाणी शेतीच्या खर्च-उत्पन्नाच्या पाहण्या झाल्या. त्यांत असे दिसले, की लहान शेतकऱ्याचे एकरी उत्पन्न बहुधा मोठ्या शेतकऱ्यापेक्षा जास्त असते. कारण उघड आहे. लहान शेतावर घरची माणसे राबतात, खुरपणी वेळेवर होते, शेणखत पुरते, कोपरा न् कोपरा पिकतो.

मग अडते कुठे? एक तर, एकरी उत्पन्न चांगले असले तरी एकरच थोडे असल्याने घरखर्च भागत नाही. हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याला सुटणारा नाही. त्याला दूध, कोंबड्या, भाजीपाला, घरातल्या एखाद्याची नोकरी अशी जोड द्यावी लागते. दुसरी अडचण मात्र आपल्याच हातातली आहे. ती म्हणजे तुकड्यांची.

हिशेब करून पाहू. एक शेत आहे, २४० फूट रुंद आणि ७२६ फूट लांब. हे बरोबर चार एकर होते. चार भावांनी ते लांबीने चिरले, म्हणजे प्रत्येकाला ६० फूट रुंद आणि ७२६ फूट लांब पट्टी आली. मध्ये तीन बांध पडले. बांध तीन फुटांचा धरला तर एका बांधाखाली दोन गुंठे जमीन गेली, तिन्ही मिळून सहा गुंठे. त्या सहा गुंठ्यांत पीक नाही, पण हरळी आणि उंदीर भरपूर. कुंपण घालायचे तर प्रत्येकाला सुमारे १,५७० फूट घालावे लागेल. तेच शेत रुंदीने आडवे वाटले असते, तर प्रत्येकाचा तुकडा २४० फूट बाय साडे एकशेएक्याऐंशी फूट असा जवळजवळ चौकोनी झाला असता. तिन्ही बांधांखाली मिळून दोनच गुंठे गेले असते आणि कुंपण सुमारे ८४० फुटांत भागले असते. कडेने गाडीवाट मात्र सोडावी लागली असती. दोन्ही रीतींत प्रत्येकाला मिळाला एकच एकर, पण कसायला केवढा फरक!

उताराकडे पाहा

लोक लांबीने का चिरतात, तेही समजून घ्या. आपल्याकडे बहुतेक शेते वरच्या बाजूला मुरमाड आणि खालच्या बाजूला काळी असतात. आडवे वाटले तर एकाला मुरूम आणि एकाला काळी येते. म्हणून उतारावरून खाली अशा उभ्या पट्ट्या पाडतात. प्रत्येकाला थोडा मुरूम, थोडी काळी. न्याय झाला असे वाटते.

पण आता त्या साठ फुटांच्या पट्टीत नांगर कसा चालणार? उतारावरूनच वर-खाली. पाभरही तशीच, सरीही तशीच. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की प्रत्येक सरीचा ओहोळ होतो आणि वरची माती खाली निघते. चार-पाच पावसाळ्यांत मुरमाचा तुकडा उघडा पडतो. भावाभावांत न्याय झाला, आणि मातीवर अन्याय.

यावर आपल्या वाडवडिलांकडे तोड होती. तिला आणेवारी म्हणत. जमिनीचा मगदूर पाहून तिची किंमत ठरवायची. काळीचा एक एकर म्हणजे मुरमाचा दीड किंवा दोन एकर, असे चार जाणत्यांनी बसून ठरवायचे. वर घेणाऱ्याला क्षेत्र जास्त, खाली घेणाऱ्याला कमी. वाटणी उताराला आडवी. याने भावांचाही न्याय होतो आणि मातीही जागेवर राहते.

ज्यांच्या पट्ट्या आधीच उभ्या पडल्या आहेत त्यांनी निदान एवढे करावे. हद्दीवर फक्त दगड ठेवावेत, मातीचे बांध काढावेत आणि नांगरट व पेरणी चौघांनी मिळून एकाच वेळी आडवी करून घ्यावी. ट्रॅक्टरचे भाडेही कमी पडते. कापणी मात्र ज्याची त्याने आपल्या दगडापर्यंत करावी. हे करणारे भाऊ मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यात बोलाचाली नव्हती असेही नाही. नफा दिसला म्हणून ते एकत्र आले.

विहीर आणि वाट

जमीन वाटता येते. विहीर वाटता येत नाही, तिची पाळी वाटावी लागते. माझ्या नोकरीच्या काळात गावोगाव जी भांडणे पाहिली, त्यांतली बरीचशी जमिनीपेक्षा विहिरीची आणि वाटेची होती. एका गावी दोघा भावांनी सहा एकर गोडीने वाटले, पण विहिरीचे तोंडी ठेवले. वडील होते तोवर चालले. ते गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मोटार जळाली. दुरुस्ती कोणी करायची यावरून वाद पेटला. दोघांचाही ऊस वाळला, आणि पुढे कोर्टाच्या खर्चापायी दोघांनीही थोडी थोडी जमीन विकली. विकत घेणारा तिसराच. मोटारीच्या दुरुस्तीला तो खर्च किती आला असता, याचा विचार तुम्हीच करा.

म्हणून विहिरीचे सगळे लिहून ठेवा. कोणाचा हिस्सा किती, पाळी किती तासांची, वीज रात्रीची असेल तेव्हा काय, उन्हाळ्यात पाणी आटले तर कोणते पीक आधी, दुरुस्तीचा खर्च कोणत्या प्रमाणात. विहिरीतला हिस्सा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात नोंदवून घ्या.

वाटेचेही तसेच. शेवटच्या तुकड्यापर्यंत बैलगाडी आणि ट्रॅक्टर जाईल एवढी वाट वाटणीच्या नकाशातच दाखवा. वाट नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून वाट मागता येते. असलेली वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. पण तहसीलची पायरी चढण्यापेक्षा कागदावर आठ फूट आधीच सोडलेले बरे.

पाण्याच्या वाटणीचा एक चांगला दाखला आपल्याच राज्यात आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचे काम उभे केले. त्यांनी पाणी जमिनीच्या एकरावर वाटले नाही, घरातल्या माणसांवर वाटले. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. उसाला पाणी नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन सगळ्यांकडे सारखी नव्हती, पण पाणी माणसाला धरून वाटल्यामुळे लहान तुकड्यालाही किंमत आली. चुलत्या-पुतण्यांच्या विहिरीवरही हाच विचार करता येईल. ज्याच्या घरात खाणारी तोंडे जास्त, त्याची पाळी थोडी मोठी.

कायदा काय म्हणतो?

तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आपल्याकडे १९४७ पासून आहे. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, ते याच कायद्याखालच्या एकत्रीकरण योजनेत. विखुरलेले तुकडे एका जागी आणण्याचा हेतू चांगला होता, पण काही गावांत कागद बदलले आणि ताबे बदलले नाहीत. एकाचे नाव दुसऱ्याच्या शेतावर आणि दुसऱ्याचे पहिल्याच्या, असा घोळ अजून चालू आहे.

त्यासाठी शासनाने २०२३ च्या जानेवारीत ‘सलोखा योजना’ सुरू केली. दोन शेतकऱ्यांच्या जमिनीचे ताबे बारा वर्षांहून अधिक काळ असे उलटसुलट असतील, तर दोघांच्या संमतीने अदलाबदलीचा दस्त करून घेता येतो. मुद्रांक शुल्क १,००० रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये, एवढ्यात काम होते. योजनेला मुदत असते, म्हणून आपल्या तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, आधी चौकशी करा.

त्याच तुकडेबंदी कायद्याखाली २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांत शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र कोरडवाहूसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे ठरवण्यात आले. याहून लहान तुकडा पाडू नये, असा त्याचा अर्थ. पण कायद्याने परवानगी दिली म्हणून दहा गुंठ्यांपर्यंत चिरत जावे असे मुळीच नाही.

वाटणीआधी हे करा

१. वडीलधारे हयात असताना आणि धडधाकट असताना बसा. त्यांच्या शब्दाने जे मिटते ते पुढे वकिलाने मिटत नाही.

२. बायका-मुलींना बैठकीत घ्या. सुनांनाही घ्या. शेतात निम्मे काम त्या करतात आणि भांडण झाले तर त्याची झळ त्यांनाच आधी लागते.

३. जमीन तीन-चार ठिकाणी असेल तर प्रत्येक ठिकाणी प्रत्येकाला वाटा, हा हट्ट सोडा. आणेवारी करून एकाला एक अख्खे शेत द्या. कमी-जास्त असेल ते पैशाने किंवा दुसऱ्या वस्तूने भरून काढा.

४. जो नोकरीसाठी शहरात राहतो त्याचे नाव राहू द्या, पण त्याच्यासाठी तुकडा पाडून तो पडीक ठेवू नका. गावातल्या भावाने कसावा आणि त्याला ठरलेला हिस्सा द्यावा. हे लेखी करा. कूळकायद्याच्या भीतीने तोंडी बोलण्यावर भिस्त ठेवणे दोघांच्याही तोट्याचे असते. कसणाऱ्याला पीककर्जाला अडचण येते आणि मालकाला झोप येत नाही.

५. सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदाराकडे अर्ज करून वाटणी करता येते. वाटणीनंतर मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या करा आणि फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा नीट वाचून पाहा. नाव, क्षेत्र, विहीर, वाट, झाडे, सगळे.

६. आपल्या हिश्शाच्या सातबाऱ्यावर घरधनिणीचे नावही लावा. १९८९-९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, तेव्हा अनेक गावांत शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली होती. नवऱ्यामागे कागदासाठी तिने दारोदार फिरावे, ही पाळी तिच्यावर येऊ देऊ नका.

बंधू-भगिनींनो, आजोबांचे साडेदहा एकर आता परत येणार नाहीत. पुढची पिढीही वाढणार आहे, आणि प्रत्येकाचा हक्क खरा आहे. कोणाचा वाटा बुडवून शेत मोठे ठेवावे असे मी म्हणत नाही. हक्क कागदावर पुरता द्या, आणि शेत मात्र जमेल तेवढे अखंड कसा. चार नावांचा एक सातबारा चालतो, चार नावांनी मिळून केलेली आडवी पेरणीही चालते. फक्त ती गोडीने ठरवावी लागते.

उन्हाळ्यात पिके निघालेली असतात, बांध आणि उतार डोळ्यांना दिसतात, लग्नकार्याच्या निमित्ताने बाहेरगावचे भाऊ-बहिणीही घरी येतात. त्या दिवसांत एक सकाळ काढा. सगळ्यांनी मिळून शेताच्या चारी बांधांवरून फिरा. पाणी कुठून येते, कुठे जाते, वाट कुठून काढता येईल, हे पाहा. गावच्या कृषी सहायकाला सोबत घ्या. उतार पाहून वाटणीची रेघ कुठे ओढावी, हे तो सांगेल. मग घरी येऊन कागद करा. मोजणीदार त्यानंतर बोलवा.